बाटलीतलं तळं आणि चिरलेली काकडी

प्रश्न : ताई, मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, रोज सकाळी उपवन तलावाला फेरी मारते. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात हाताने बनवलेलं परफ्यूम घेतलं. ‘तळ्याकाठची पहाट, पाण्यातली फुलं’ असं बाटलीवर लिहिलंय. ३० मिलीला १२०० रुपये मोजले. आमचे हे म्हणतात, कुणी काकडी चिरतंय का? आणि तासाभराने मला तर काहीच जाणवत नाही. फसले का मी?

उत्तर : नाही हो. उलट यजमानांच्या नाकाला दाद द्या, त्यांनी बरोबर ओळखलंय.

पाण्याला स्वतःचा वास नसतो. मग बाटलीत पाणी आणायचं तर कुणाला तरी पाण्याचं सोंग घ्यावं लागतं. बहुतेक वेळा ते कॅलोन नावाचं रसायन घेतं. फायझर या औषध कंपनीत १९६६ साली ते तयार झालं, पण परफ्यूमवाल्यांनी डोक्यावर घेतलं ते नव्वदच्या दशकात. अगदी विरळ केलं तर कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा गर, काकडी, खाडीवरचा वारा असं काहीतरी वाटतं. हात जरा सैल सुटला की थेट कालवं! तीन वर्षांपूर्वी मी नौपाड्यातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, आपल्या मासुंदा तलावावरून ‘मासुंदा’ नावाचं परफ्यूम जमवायला बसले होते. मोगरा छान बसला होता. मग ‘अजून थोडं पाणी हवं’ म्हणून ड्रॉपरने चार थेंब जास्त टाकले. संध्याकाळी जाऊबाई आल्या, दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, “आज गुरुवार ना गं? मासळी कशी काय?” ती बाटली अजून माळ्यावर आहे.

तुमच्या बाटलीतली फुलं खरीखुरी कमळं असतील असं मात्र समजू नका. कमळाचा अर्क मिळतो, पण तो इतका महाग की या किमतीत नावापुरता थेंब पडला तरी पुष्कळ. मला विचाराल तर ठाण्याच्या ओलसर पावसाळी सकाळीला कमळापेक्षा सोनटक्का जवळचा. पण बाटलीवर ‘कमळ’ लिहिलं की गिऱ्हाईक थांबतं.

तासाभराने वास जातो म्हणता, त्यात निम्मा दोष नाकाचा. अगरबत्तीच्या दुकानात दिवसभर बसणाऱ्याला तिथला वास येईनासा होतो ना, तसंच. आधी शेजारणीला विचारा. तिलाही येत नसेल तर बिनवासाचं क्रीम लावून त्यावर मारा, कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर उडतो. आणि बाटली खिडकीत ठेवू नका. गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या मागे, अंधारात राहू दे.

आता तुमची खरी तक्रार. उपवनची सकाळ या बाटलीत सापडत नाही ती यासाठी, की तळ्याचा म्हणून जो वास आपल्या डोक्यात असतो तो पाण्याचा नसतोच, ओल्या मातीचा असतो. त्यातल्या जिओस्मिन नावाच्या रसायनाला आपलं नाक विलक्षण तीक्ष्ण आहे, अब्जावधी थेंबांत एखादा असला तरी पकडतं. येऊरच्या पायथ्याशी पहिल्या पावसात जे होतं ते तेच. उत्तर प्रदेशातल्या कन्नौजला भाजलेली माती तांब्याच्या डेगमध्ये घालून, तिची वाफ चंदनाच्या तेलात मुरवून ‘मिट्टी’ अत्तर करतात. मोहम्मद अली रोडला अत्तरांच्या दुकानात विचारा. सगळ्यात छोटी कुपी घ्या.

मनगटावर त्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लावा, पाच मिनिटं थांबा, मग वरून तुमचं परफ्यूम एकदाच मारा. काकडी मागे सरेल. कपड्यावर मात्र अत्तर लावू नका, चंदनाच्या तेलाचा डाग सुती कुर्त्यावरून निघता निघत नाही.