रेझिस्टर पुन्हा पुन्हा का जळतो?

प्रश्न : माझ्या गाडीत एसीच्या पंख्याचा वेग हाताने बदलायचा चार टप्प्यांचा खटका आहे. गेल्या वर्षी पहिले तीन टप्पे एकाएकी बंद पडले आणि पंखा फक्त चौथ्यावर, म्हणजे पूर्ण वेगानेच, चालू लागला. गॅरेजमध्ये ब्लोअरचा रेझिस्टर बदलून दिला. काही महिन्यांत तीच तक्रार उद्भवली, पुन्हा रेझिस्टर बदलला, आणि आता तिसऱ्यांदा तेच झाले आहे. मिळणारे भागच हलक्या प्रतीचे असावेत, असा माझा समज आहे. मेकॅनिक मात्र एसीचे संपूर्ण पॅनेल बदलण्याचा आग्रह धरतात. यात खरे काय मानावे?

उत्तर : आपण सांगितलेले लक्षण इतके नेमके आहे की रेझिस्टर गेला, या निदानाविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. मात्र तो कशामुळे गेला, याचा शोध दोन्ही वेळा कोणी घेतलेला दिसत नाही, आणि तो घेतल्याशिवाय बसवलेला तिसरा रेझिस्टरही त्याच वाटेने जाईल.

चौथ्या टप्प्यावर पंख्याच्या मोटरला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. इंजिन चालू असताना तो सुमारे १४ व्होल्ट असतो. खालच्या टप्प्यांवर प्रवाहाच्या वाटेत रेझिस्टरमधील तारेची वेटोळी येतात, त्यामुळे मोटर सावकाश फिरते आणि अडवलेली ऊर्जा वेटोळ्यांतून उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ही उष्णता वाहून जावी म्हणून रेझिस्टर मुद्दाम हवेच्या मार्गातच, पंख्याच्या पुढे बसवलेला असतो. त्यावर एक लहानसा थर्मल फ्यूज असतो. ठरावीक तापमानाला तो एकदाच तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. आपले तीनही टप्पे एकदम गेले, यावरून तोच तुटला असावा. वेटोळे तुटले असते तर त्याच्या अलीकडचे, म्हणजे खालचेच टप्पे बंद पडले असते, आणि मधलाच एखादा टप्पा गेला असता तर खटक्यावर किंवा सॉकेटवर संशय घ्यावा लागला असता. म्हणून पॅनेल बदलण्याची घाई करू नये. रेझिस्टरचे सॉकेट काढून, खटक्याच्या प्रत्येक टप्प्याला त्या त्या पिनचा संपर्क जुळतो की नाही, एवढे मल्टिमीटरने तपासून घ्यावे. जुळत असेल, तर निदान या तक्रारीपुरते पॅनेल निर्दोष ठरते.

आता मुख्य मुद्दा. थर्मल फ्यूज तुटला याचा अर्थ रेझिस्टर प्रमाणाबाहेर तापला, आणि तसे होण्याची मुख्य कारणे दोन : एक तर त्यातून जादा प्रवाह गेला, नाहीतर त्याला थंड ठेवणारी हवा कमी पडली. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ही बाब येथे फार महत्त्वाची आहे. १ ओहमच्या वेटोळ्यातून ५ अँपिअर प्रवाह गेला तर २५ वॅट उष्णता निर्माण होते. तोच प्रवाह ७ अँपिअर झाला की ४९ वॅट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मोटर किंचित जड फिरू लागली, तर बसणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. रेझिस्टरला मात्र ती लगेच लागते. मोटरचा फ्यूज उडत नाही, तेव्हा मोटर ठीक असणार, हा युक्तिवादही येथे लागू पडत नाही, कारण तो फ्यूज पूर्ण वेगाच्या प्रवाहाचा हिशेब धरून, बहुधा ३० अँपिअर किंवा त्याच्या आसपासचा, बसवलेला असतो.

म्हणून ग्लोव्ह बॉक्स काढून ब्लोअर खाली उतरवण्यास सांगावे. बहुतेक गाड्यांत हे काम दोन-चार स्क्रूंचे असते. पंख्याचे चाक बोटाने फिरवून सोडले की ते आवाज न करता थोडा वेळ फिरत राहिले पाहिजे. ते खरखरत थांबले, आस आडवा हलवल्यावर खिळखिळा लागला किंवा पात्यांत वाळकी पाने, काड्या, उंदराने ओढून आणलेल्या चिंध्या अडकलेल्या दिसल्या, तर अपराधी सापडला असे समजावे. मोटरच्या अंगावर गंजाचे ओघळ असतील, तर पुढच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून पावसाचे पाणी आत उतरत असण्याची शक्यता आहे. ती वाट बंद न करता नवी मोटर बसवणे व्यर्थ होय. वरकरणी सारे ठीक दिसले तरी एकदिश (डीसी) प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावून पूर्ण वेगावर मोटर किती अँपिअर घेते ते पाहावे आणि आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतील आकड्याशी ताडून घ्यावे. हा आकडा मागितल्यावर मेकॅनिक वैतागले, तर काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावे, असे माझे मत आहे.

केबिन फिल्टरविषयी, म्हणजे पंख्याची हवा गाळणाऱ्या जाळीविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याबाबत एक गैरसमज रूढ आहे. फिल्टर तुंबला की मोटरवर ताण येऊन ती जास्त प्रवाह घेते, असे सर्रास सांगितले जाते. गाडीतील ब्लोअरच्या बाबतीत हे खरे नाही. पिंजऱ्यासारख्या चाकाच्या या पंख्याची हवा अडली की त्याचे काम कमी होते आणि प्रवाह वाढण्याऐवजी थोडा घटतो. तरीही तुंबलेला फिल्टर रेझिस्टरला मारक ठरतो, तो दुसऱ्या बाजूने : वेटोळी तापतच राहतात आणि त्यांच्यावरून जाणारी हवा मात्र आटते. दोन्ही रेझिस्टर बदलताना फिल्टर काढून पाहिला होता का, हे अवश्य विचारावे.

तिसरी जागा सॉकेटची. त्याचे प्लास्टिक तपकिरी पडले असेल, पिनेभोवती वितळून फुगले असेल किंवा बोटाने दाबताच त्याचा तुकडा पडत असेल, तर त्यातील पकड केव्हाच सैल झालेली आहे. सैल संपर्काची जागा स्वतःच तापते आणि नव्या रेझिस्टरच्या पिनाही तापवते. पिना घासून तेच सॉकेट पुन्हा खोचणे हा उपाय नव्हे. तेवढ्याच जाडीच्या तारांसह नवे सॉकेट जोडून घ्यावे.

भाग हलक्या प्रतीचे असावेत, हा आपला समज अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण एका पाठोपाठ सारे रेझिस्टर त्याच रीतीने जळतात, तेव्हा माझा संशय आधी मोटरवर आणि सॉकेटवर जातो. एक गोष्ट मात्र कोणी कितीही खात्रीने सांगितली तरी करू देऊ नये : थर्मल फ्यूजच्या जागी साधी तार सोल्डर करणे. पंखा चालेल, परंतु मोटर अडकून बसली तर लाल झालेली वेटोळी प्लास्टिकच्या नळीत असतील आणि त्यांना रोखणारे काहीच उरणार नाही. दुरुस्ती होईपर्यंत चौथ्या टप्प्यावर पंखा चालवण्यास हरकत नाही. जळका वास येत असेल किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, तर तोही बंद ठेवावा.

प्रश्न : गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या आतून काही वेळ टिकटिक आवाज येतो. चालकाच्या बाजूला थंड हवा येते आणि शेजारच्या बाजूला कोमट. गॅस भरून घेतला, तरी फरक पडला नाही.

उत्तर : गॅस भरूनही फरक पडला नाही, तेव्हा दोष गॅसचा दिसत नाही. आपल्या गाडीत दोन बाजूंचे तापमान स्वतंत्रपणे राखणाऱ्या झडपा आहेत आणि त्यांपैकी एक फिरवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या प्लास्टिकच्या चाकाचे दाते झिजलेले किंवा तुटलेले दिसतात. झडप कोठे आहे याची खबर मिळत नाही म्हणून नियंत्रक मोटरला पुन्हा पुन्हा ढकलतो आणि तुटका दाता घसरला की टिक असा आवाज होतो. ॲक्च्युएटर बदलावाच लागेल. पण जुना काढल्यावर, नवा बसवण्याआधी, झडपेचा आस हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावा. तो मध्येच अडत असेल, तर दाते झडपेने तोडले आहेत आणि नव्याचेही ती तोडील. बसवल्यानंतर झडपेची दोन्ही टोके नियंत्रकाला नव्याने शिकवावी लागतात. काही गाड्यांत त्यासाठी स्कॅनर लागतो, काहींत पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने बटणे दाबून ते होते. ॲक्च्युएटर जागेवर घट्ट बसेपर्यंत इग्निशन चालू करू नये, नाहीतर त्याचा आस फिरून खाचेशी जुळेनासा होतो.

प्रश्न : स्वयंचलित एसी असलेल्या गाडीचा पंखा चावी काढल्यावरही कधी कधी चालूच राहतो. दोनदा सकाळी बॅटरी उतरलेली आढळली.

उत्तर : अशा गाड्यांत वेटोळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टरवर चालणारे पॉवर मॉड्यूल असते, ते आतून शॉर्ट झाले की पंख्यावरचे नियंत्रण सुटते. काही गाड्या कूलिंग कॉइल वाळवण्यासाठी बंद झाल्यावर मुद्दाम थोडा वेळ पंखा फिरवतात, तेव्हा तशी सोय आपल्या गाडीत आहे का, हे आधी पुस्तिकेत पाहावे. परंतु त्या सोयीने बॅटरी उतरत नाही. ब्लोअरचा रिले (त्याचा वीजपुरवठा जोडणारा-तोडणारा विजेवरचा खटका) चिकटला असेल तर तोही तपासावा, मात्र तो एकटा दोषी क्वचितच असतो. मॉड्यूल बदलताना पहिल्या उत्तरातील मोटरची तपासणी आपणही करून घ्यावी. तोपर्यंत रात्री ब्लोअरचा फ्यूज काढून ठेवावा; तो कोणता, हे फ्यूज पेटीच्या झाकणाच्या आतील तक्त्यावर सापडेल.