ब्रिटिश माणसाचं इंग्रजी अमेरिकन माणसाला का कळत नाही?

तुम्ही विचारलंय की दोघांची भाषा इंग्रजीच आहे, तर ब्रिटिश स्लँग ऐकून अमेरिकन एवढे का गोंधळतात. मी चार वर्षं इंग्लंडमधल्या लीड्समध्ये काढली, नंतर अमेरिकेत ओहायोत आलो. गेली सहा वर्षं या दोन ऑफिसांच्या कॉलवर मध्ये बसणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. माझं मत विचाराल तर यात स्लँगचा दोष फारच थोडा.

शब्द अनोळखी असला की माणूस थांबतो आणि विचारतो. 'नॅकर्ड' म्हणजे काय? थकून गळून गेलेला. म्हातारी घोडी मारणारा तो 'नॅकर', त्याच्याकडे धाडायच्या अवस्थेला आलेला. 'चफ्ड' म्हणजे जाम खूश, 'गटेड' म्हणजे पार खचलेला. एकदा सांगितलं की विषय संपला. फसगत होते ती ओळखीच्या शब्दांनी, कारण तिथे विचारावं असं वाटतच नाही.

'क्वाइट' हा त्यातला अट्टल शब्द. अमेरिकन माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे चांगलंच झालंय. ब्रिटिश माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे ठीक आहे, चालेल, आणि 'क्वाइट'वर जोर दिला तर चालेलही नाही. आमच्या अमेरिकन मॅनेजरने एकदा नव्या रिपोर्टचा आराखडा कॉलवर दाखवला. लीड्सहून आवाज आला, "क्वाइट गुड, जस्ट अ फ्यू मायनर कॉमेंट्स." पठ्ठ्या खूश, त्याच दुपारी दोघांना पुढच्या कामाला जुंपलं. दुसऱ्या दिवशी त्या मायनर कॉमेंट्स आल्या, साडेचार पानं. मला आदल्या दिवशीच कळलं होतं, पण साहेबाचा आनंद पाहून तोंड उघडवलं नाही. माझी पुण्याची मावशी स्थळ बघून आली आणि "मुलगा बरा आहे हो" म्हणाली, की पत्रिका परत पाठवायची हे घरात सगळ्यांना समजायचं. तेच हे.

यात हसण्यासारखं नेहमीच असतं असं नाही. एप्रिल १९५१, कोरियाचं युद्ध. इमजिन नदीपाशी ग्लॉस्टरशर रेजिमेंटच्या एका बटालियनला कितीतरी पट मोठ्या चिनी फौजेने घेरलं होतं. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन जनरलला कळवलं की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. ब्रिटिश कानाला याचा अर्थ, हाताबाहेर चाललंय. अमेरिकन कानाला, जरा अडचण आहे पण निभावतंय. त्यामुळे माघारीचा हुकूम वेळेवर निघाला नाही, असं सांगतात. बटालियनचे पाचशेहून जास्त जवान कैद झाले. एका वाक्याने बटालियन गेली असं मी म्हणणार नाही, लढाईत दहा गोष्टी बिघडलेल्या असतात. पण ते वाक्य आजही लोकांना आठवतं.

चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आपल्या इतिहासात असाच एक प्रसंग लिहून ठेवलाय. ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद 'टेबल' करायचा होता, म्हणजे तातडीने चर्चेला घ्यायचा होता. अमेरिकेत 'टेबल' करणं म्हणजे बाजूला ठेवून देणं. बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं आणि मग लक्षात आलं की दोन्ही बाजूंना हवं होतं ते एकच.

अमेरिकन लष्कराला याची थोडी कल्पना होती म्हणा. १९४२ साली ब्रिटनला निघालेल्या सैनिकांसाठी त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली होती. तिच्यात बजावलंय की 'आय लुक लाइक अ बम' असं तिथे म्हणू नका. अमेरिकेत 'बम' म्हणजे भणंग, ब्रिटनमध्ये पार्श्वभाग.

रोजच्या भेटीतला गोंधळ वेगळाच. लीड्सला बसमध्ये चढलो की ड्रायव्हर विचारायचा, "ऑल राइट, लव?" बाप्याने बाप्याला 'लव' म्हणणं यॉर्कशरमध्ये अगदी साधं आहे. आणि 'ऑल राइट?' हा प्रश्नच नव्हे. आपण "काय, बरं ना?" म्हणत पुढे सरकतो, तसं ते. आमचा एक अमेरिकन सहकारी तिकडे गेला, तर दोन दिवस आरशात बघत होता. आपला चेहरा उतरलाय की काय, सगळे तब्येत का विचारतायत?

वस्तूंच्या नावांत आपण मराठी माणसं आपसूक ब्रिटिशांच्या बाजूला असतो. आपला पहिला मजला एक जिना चढून गेल्यावर येतो, अमेरिकन 'फर्स्ट फ्लोअर' जमिनीलगतच असतो. ब्रिटिश 'हाफ सेव्हन' म्हणजे आपलं साडेसात, अमेरिकनाला कळेना की साताच्या अलीकडे अर्धा तास की पलीकडे. 'पँट्स' मात्र ब्रिटनमध्ये आतले कपडे, त्यात आपणही आपटतो. ओहायोत पहिल्याच आठवड्यात मी स्टेशनरीच्या कपाटापाशी एका बाईंकडे 'रबर' मागितलं. त्यांच्याकडे त्याचा अर्थ निरोध. पुढचं सांगत नाही.

पूर्व लंडनची, मूळ शब्दाऐवजी त्याला जुळणारं यमक वापरणारी कॉकनी बोली हे प्रकरण ऐकायला गमतीचं, पण रोज तसं कोणी बोलत नाही. 'लुक'ला यमक 'बुचर्स हुक', मग यमकाचा शब्दच गाळायचा, उरतं 'हॅव अ बुचर्स', म्हणजे जरा बघ. किल्लीच फेकून दिल्यावर कुलूप उघडणार कसं! त्यातलं 'पोर्कीज' मात्र सर्रास चालतं. 'लाइज'ला यमक 'पोर्क पाइज', म्हणून पोर्कीज म्हणजे थापा. 'बॉब्ज युअर अंकल', म्हणजे झालं की काम, याची एक गोष्ट हमखास सांगतात. १८८७ साली पंतप्रधान रॉबर्ट सॉल्झबरी यांनी भाचा आर्थर बाल्फर याला आयर्लंडचं मंत्रिपद दिलं, बॉब मामा पाठीशी असल्यावर काय! गोष्ट झकास, पण छापील नोंदी सापडतात त्या थेट १९२०च्या दशकातल्या. मला तरी ती नंतर जोडलेली वाटते.

एक शब्द मात्र मी कॉलवर दोघांनाही समजावला. लीड्सची एक सहकारी वैतागून म्हणाली, "आयॅम गोइंग डूलाली." अमेरिकन गप्प. मी म्हटलं, डोकं फिरायची वेळ आलीय असं म्हणतेय ती, आणि हे गाव आमचं आहे. नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात मायदेशी परतणारे गोरे सोल्जर जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असायचे, कारण जहाजं फक्त थंडीच्या मोसमात सुटायची. उकाडा, रिकामपण, दारू, त्यात कित्येकांची डोकी फिरली. मूळ शब्द 'डूलाली टॅप', त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. मुंबईहून जाताना नाशिकरोडच्या अलीकडे ते स्टेशनही लागतं, असंही सांगितलं.

अमेरिकन मॅनेजरने ते लगेच लिहून घेतलं. लीड्सच्या बाईंना वाटलं मी त्यांची फिरकी घेतोय. म्हणाल्या, "आर यू टेकिंग द मिकी?" आता 'मिकी' कोण, हे मॅनेजरने विचारलं.