पानशेतच्या वरून नऱ्हे-धायरीत बिऱ्हाड हलवताना : आधी काय, नंतर काय

ताई, तुमचा प्रश्न वाचला. गाव पानशेतच्या वरच्या अंगाला, दोन एकर भातखाचरं सासऱ्यांच्या नावावर, मिस्टरांना पुण्याच्या कडेला नऱ्ह्यातल्या वर्कशॉपमध्ये ठेकेदारामार्फत १८,००० पगाराचं काम, मुलं तिसरीत आणि सातवीत, सासू-सासरे गावीच थांबणार. दिवाळीनंतर लगेच सगळ्यांनी हलायचं घाटतंय, आणि पाहुण्यांपैकी कोणी सुचवलंय की एक एकर विकून धायरीच्या कडेला अर्धा गुंठा घेऊन टाका.

शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण बाकी काही चुकलं तर दुरुस्त होतं, हे होत नाही. एकर विकून अर्धा गुंठा घेऊ नका. अर्धा गुंठा म्हणजे ५४४ चौरस फूट. एवढ्या तुकड्यांचे व्यवहार सहसा नोटरी केलेल्या कागदावर किंवा सामाईक सातबाऱ्यावर होतात. नोटरीच्या शिक्क्याने मालकी बदलत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. सामाईक सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावांत तुमचं एक नाव लागलं, तरी तुमचा तुकडा नेमका कुठला हे त्यावर लिहिलेलं नसतं. त्यातल्या एकाने कोर्टात दावा लावला की सगळे अडकतात. तुकडेबंदीचे (जमिनीचे छोटे तुकडे विकायला मनाई करणारे) नियम सैल होतायत म्हणून ‘आता सगळं नियमित होणार’ असं एजंट सांगेल. आज जे नोंदणीकृत नाही, त्यावर आज पैसे देऊ नका.

दुसरी बाजू गावाकडची. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो (१९४८ चा कुळकायदा, कलम ६३). एक एकर शिल्लक आहे तोवर तुम्ही शेतकरी आहात, पण तुकडा घेतल्यावर त्यावर बांधायला पैसे लागतात आणि तेव्हा दुसऱ्या एकराकडे बोट जातं. सगळी जमीन गेली की उद्या मुलांना शेत घ्यायचं झालं तर परवानगीच्या फेऱ्यात अडकाल. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर सासऱ्यांच्या बहिणी, मिस्टरांच्या बहिणी यांच्या हक्काचा प्रश्न येतो. पानशेतच्या परिसरात काही जमिनी भोगवटादार वर्ग २ च्या आहेत. सातबाऱ्यावर तसं लिहिलं असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकताच येत नाही.

आता हलण्याचं वेळापत्रक. दिवाळीनंतर फक्त मिस्टरांनी जावं. कॉट बेसिसवर किंवा गावकऱ्यांसोबत खोलीत राहून निदान दोन पगार हातात पडू द्यावेत, मग तुम्ही मुलांना घेऊन मे महिन्यात, निकाल लागल्यावर. मधल्या काळात मुलांची शाळा तुटत नाही, खोली घाई न करता बघता येते, आणि मुख्य म्हणजे ठेकेदार वेळेवर पैसे देतो की नाही हे कळतं. पगार लांबला आणि घरात चार माणसं असली की दुकानदाराच्या उधारीवर महिना काढावा लागतो. ती उधारी पुढचे सहा महिने फिटत नाही.

‘१८,००० पगार’ म्हणजे हातात किती, हे आधी विचारून घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरला असेल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० कापले जातात. ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, म्हणजे १३५. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात १५,८६५. कापलेले पैसे वाया जात नाहीत, पण ते भरले जातायत का, हे तपासायला हवं. पहिल्या महिन्यात दोन आकडे मागा: पीएफचा यूएएन (कामगाराचा पीएफ क्रमांक) आणि ईएसआयसीचा विमा क्रमांक. ठेकेदार ‘नंतर देतो’ म्हणत राहिला तर पैसे कापून भरत नाही असं समजा आणि मुख्य कारखान्याच्या एचआरकडे लेखी विचारा. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, त्यामुळे तिथे दखल घेतात.

ईएसआयसीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गावाकडची माणसं हे कार्ड पाकिटात ठेवून खासगी दवाखान्यात पैसे घालवतात. एकूण पगार २१,००० पर्यंत असेल तर हा विमा लागू होतो. बायको-मुलांसोबत अवलंबून असलेले आई-वडीलही त्यात येतात, म्हणजे तुमच्या सासू-सासऱ्यांची नावंही घालता येतात. अर्ज भरतानाच सगळ्यांचे आधार आणि फोटो द्या, नंतर नावं चढवायला वेळ जातो. रुग्णालय बिबवेवाडीत आहे. आधी नेमून दिलेल्या दवाखान्यात जायचं, तिथून चिठ्ठी घेऊन रुग्णालयात. जीव धोक्यात असेल तर थेट गेलं तरी चालतं.

खोली शोधताना लोक भाडं बघतात आणि पाणी बघत नाहीत. धायरी २०१७ मध्ये आणि नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण नळाचं पाणी सगळीकडे सारखं नाही. विहीर, बोअर, टँकर यांवर बरीच घरं चालतात. २०२५ च्या जानेवारीत गुलेन बारे सिंड्रोमची (हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची) जी साथ आली, तिचे बरेच रुग्ण याच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातले होते आणि संशय दूषित पाण्यावर होता. म्हणून खोली बघायला गेलात की घरमालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा: पाणी किती वाजता येतं, किती वेळ, उन्हाळ्यात टँकर लागतो का, आणि त्याचे पैसे भाड्यात की वेगळे. प्यायचं पाणी उकळी फुटल्यावर दोन-तीन मिनिटं उकळू द्या. गावाकडे झऱ्याचं पाणी पिऊन वाढलेल्या मुलांना पहिल्या पावसाळ्यात इथे हमखास जुलाब होतात. बाटलीबंद जारचं पाणी शुद्ध असेलच असं नाही, तेही उकळलेलं बरं.

खोली संध्याकाळी सात-आठला बघा, दुपारी नाही. त्या वेळी पाण्याचा दाब, पार्किंगची गर्दी, खालच्या दुकानाचा आवाज, जिन्यातला दिवा लागतो की नाही, सगळं दिसतं. वर पत्रा असेल तर एप्रिल-मे मध्ये पोरं आजारी पडतील. स्लॅबची खोली थोडं भाडं जास्त देऊनही घ्या. ओढ्याच्या कडेची तळमजल्याची खोली नको. विजेला स्वतंत्र मीटर आहे की सबमीटर, हे विचारा. सबमीटर असेल तर घरमालक युनिटला ठरावीक दर लावतो आणि तो महावितरणच्या पहिल्या १०० युनिटच्या दरापेक्षा बराच जास्त असू शकतो. राहायला गेल्या दिवशी मीटरचा फोटो काढा, भिंतीतली ओल, तुटकी फरशी, नळ यांचेही काढा आणि घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून द्या. सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापण्याचा वाद तिथेच संपतो.

करार ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, आणि तो नोंदवलेलाच हवा. पाचशेच्या स्टॅम्पवर सही करून ‘हेच चालतं’ म्हणणारे घरमालक भेटतील. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५). खर्च फार नाही. समजा भाडं ८,००० आणि डिपॉझिट २०,००० ठरलं, तर मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के व्याज यांच्या ०.२५ टक्के, म्हणजे दोन-तीनशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि एजंटचे पैसे वेगळे. एजंट घरी येऊन अंगठा घेतो. खर्च निम्मा-निम्मा असा बोलून घ्या. हा एक कागद असला की आधारचा पत्ता, बँक, गॅस, शाळा सगळीकडे अडत नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याची पोच घरमालकाकडून घ्या.

गॅसचं गावचं कनेक्शन सासूबाईंना लागणार, ते तिथेच राहू दे. इथे सुरुवातीला ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. करार झाला की मोठं कनेक्शन घ्या.

नऱ्ह्यात काम असेल तर खोलीही शक्यतो नऱ्हे-धायरीतच घ्या, भाडं पाचशे-हजार जास्त पडलं तरी. दुसऱ्या शिफ्टवरून सुटल्यावर बस मिळत नाही आणि मग दुचाकीवरून हायवे धरावा लागतो. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार जड गाड्यांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. थकलेल्या माणसाने रात्री तिथून रोज जाऊ नये, सर्व्हिस रोड आणि आतले रस्ते वापरता येतील अशी जागा बघा.

शाळेचं सोपं आहे आणि एका ठिकाणी अवघड. शिक्षण हक्क कायद्याने दाखला मागताच द्यावा लागतो आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मात्र मुलाचं ऑनलाइन नाव जुन्या शाळेतून नव्या शाळेत वर्ग व्हावं लागतं आणि तिथे स्पेलिंगवरून अडतं. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं, असं असेल तर ते गावच्या शाळेत गुरुजी ओळखीचे असतानाच दुरुस्त करून घ्या. याच कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागा प्रवेशाच्या पहिल्या वर्गालाच असतात, तिसरी-सातवीला नाहीत. त्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नका. थोरलं आठवीत गेलं की एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेतून बसता येतं. धाकट्याला नवोदयला (केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीपासूनच्या प्रवेश परीक्षेला) बसवायचा विचार असेल तर थांबून विचार करा: नवोदयच्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत झालेली लागतात. धायरीत आणलं की तो हक्क जातो. महापालिकेबाहेर डोणजे-खानापूरकडे राहणं, किंवा धाकट्याला पाचवीपर्यंत आजीकडे ठेवणं, हे दोनच पर्याय उरतात. मूल एकटं पडणार असेल तर माझ्या मते नवोदय सोडून द्यावं.

गाव सोडण्याआधी कागदांसाठी आठवडा काढाच. मुलांचे जातीचे दाखले लागणार असतील तर ते मूळ गावाच्या तालुक्यातूनच निघतात आणि पुरावा ठरावीक तारखेआधीचा लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे सासऱ्यांचा किंवा त्यांच्या वडिलांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. जुनी रजिस्टरं वाळवीने जातात, शाळा कमी पटामुळे दुसरीकडे जोडल्या जातात आणि मग रजिस्टर कुठे गेलं ते कोणालाच माहीत नसतं. आत्ताच शिक्का-सहीचा उतारा काढा, दोन प्रती. आजोबा शाळेत गेले नसतील तर जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला कोतवाल बुकाचा उतारा तहसीलमध्ये मागा. यंदाचा उत्पन्नाचा दाखला आणि सातबारा, ८अ सोबत घ्या.

रेशनकार्ड फोडू नका. प्राधान्य गटात माणशी ५ किलो, तुम्ही सहा जण म्हणजे ३० किलो. पोर्टेबिलिटीमुळे पुण्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून तुमचा वाटा घेता येतो आणि बाकीचा सासू-सासरे गावी घेऊ शकतात. फक्त महिन्याच्या सुरुवातीला फोनवर ठरवा कोण किती उचलणार. एका ठिकाणी सगळं उचललं की दुसरीकडे मशीन शून्य दाखवतं. सहाही जणांचं ई-केवायसी झालेलं असावं.

शेताचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा ताण तिथेच येतो. आवणीला (भाताच्या लावणीला) जुलैत आणि कापणीला ऑक्टोबर-नोव्हेंबरात माणूस लागतं. वर्कशॉपला जुलैत आठवडाभर सुट्टी मागितली तर ठेकेदार दुसरा माणूस लावतो. म्हणून कामाला लागतानाच या दोन सुट्ट्या बोलून घ्या, किंवा यंदा एक एकर भावकीत वाट्याने द्या आणि कोण बियाणं घालणार, कोण खत, किती वाटा, हे साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. खरिपाची ई-पीक पाहणी चुकवू नका. ती, म्हणजे पिकाची नोंद, शेतात उभं राहूनच मोबाईलवरून करावी लागते, पुण्यात बसून होत नाही. नोंद राहिली की नुकसानभरपाई आणि विम्याला अडचण येते. सासऱ्यांना ते ॲप जमणार नसेल तर शेजारच्या एखाद्या पोराला आत्ताच दाखवून ठेवा. पीएम किसानचं केवायसी आणि शेतकरी ओळख क्रमांक सासऱ्यांच्या नावाने झालेत का, तेही बघा.

पैशांचा अंदाज: वरच्याच उदाहरणात डिपॉझिट २०,०००, पहिलं भाडं ८,०००, करार दीड-दोन हजार, छोटा हत्ती, शेगडी-भांडी, मुलांचे गणवेश. याशिवाय तीन महिन्यांचं घरखर्चाचं गाठीला असावं. घरचा तांदूळ सोबत आणलात तर त्यातला मोठा भाग निघतो. पलंग-कपाटं आणू नका, वन आरकेत मावत नाहीत आणि टेम्पोचं भाडं वाढतं.

मिस्टरांच्या शिफ्टच्या वेळा आणि वर्कशॉप हायवेच्या कुठल्या बाजूला आहे, तेवढं कळवा. त्यावरून कुठल्या भागात खोली बघायची ते सांगता येईल.