"नको, पडशील" ऐकत मोठं झालेल्यांसाठी

प्रश्न : नमस्कार, माझं वय ३६. लहानपणी घरात सारखं "नको, पडशील", "तुला नाही जमणार" हेच ऐकत मोठी झाले. आता नवीन काहीही म्हटलं, नवीन क्लास, अनोळखी लोकांचा ग्रुप, की पोटात गोळाच येतो. माझा सख्खा भाऊ मात्र त्याच घरात वाढलाय आणि कुठेही बिनधास्त जातो. मग हे घरामुळे झालं की माझा स्वभावच असा? आणि माझी पाच वर्षांची मुलगी पण माझ्यासारखीच होणार का?

उत्तर : ताई, भावाचं उदाहरण दिलंत ते बरं झालं, कारण खरी मेख तिथेच आहे. जुळ्या भावंडांवर कितीतरी वर्षं अभ्यास झालेत आणि त्यातून साधारण असं दिसतं की नवं करून बघायची ओढ माणसामाणसांत कमीजास्त असते त्यातला अंदाजे निम्मा फरक जन्मतःच असतो, उरलेल्यात वातावरण येतं. पण त्या वातावरणातही "एकाच घरात वाढलो" याचा वाटा फार थोडा निघतो, जास्त वाटा असतो तो ज्याच्या त्याच्या वाट्याला वेगळं आलेल्या गोष्टींचा, म्हणजे मित्र कोण मिळाले, कुठल्या बाईंनी कौतुक केलं, एखादं आजारपण, घरात तुम्ही थोरल्या की धाकट्या. भाऊ झाडावर चढला तर शाबासकी आणि तुम्ही चढलात तर ओरडा, असं होत असेल तर पत्ता एकच असला तरी ती दोन घरं होती!

२०१३ साली जर्मनीतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला फार आवडतो. जनुकांनी अगदी एकसारखे ४० उंदीर त्यांनी भरपूर खेळणी आणि नळ्या असलेल्या एका मोठ्या पिंजऱ्यात तीन महिने एकत्र ठेवले. जनुकं तीच, जागा तीच, तरी दिवस जातील तसे काही उंदीर सगळीकडे हिंडायला लागले आणि काही ठरलेल्या कोपऱ्यातच राहिले, आणि जे जास्त हिंडले त्यांच्या मेंदूत नवीन पेशीही जास्त तयार झालेल्या दिसल्या. म्हणजे हिंडणं आणि मेंदूतला बदल हातात हात घालून चालले होते. म्हणून घर की स्वभाव असा एकच गुन्हेगार शोधत बसू नका, एका माणसात दोन्ही एकमेकांत इतके मिसळलेले असतात की सुटे करताच येत नाहीत.

आता मुलीबद्दल. काही बाळं जन्मापासूनच अनोळखी गोष्टींना दचकणारी असतात. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांपासून अशा मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि ती सगळी पुढे भित्री झाली नाहीत, ज्यांना आईवडिलांनी दर वेळी लगेच उचलून न घेता थोडं स्वतःचं स्वतः सावरू दिलं त्यांची भीती कमी झालेली दिसली. सावरू द्या म्हणजे ढकला असं नाही हं, तुम्ही जवळच थांबायचं, फक्त हात लगेच पुढे करायचा नाही. आणि चेहरा सांभाळा, हे मी अगदी कळकळीने सांगते. १९८५ च्या एका प्रयोगात वर्षभराच्या बाळांना काचेच्या पृष्ठभागावर सोडलं होतं, काचेखाली मध्येच खड्डा आहे असं वाटायचं. पलीकडे उभी असलेली आई हसत होती तेव्हा १९ पैकी १४ बाळं रांगत पार गेली, आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. एक शब्द न बोलता! तुमची मुलगी घसरगुंडीवर चढताना तुमच्याकडे बघते ना, ती हेच विचारत असते.

आणि तुमचंही वय गेलेलं नाही. आधी ओळखीच्या माणसाबरोबर अनोळखी जागी जा, मग अनोळखी क्लासला एकटीने, एका वेळी एकच गोष्ट नवीन ठेवा.

प्रश्न : घरात कायम पैशांची ओढाताण होती. आता नोकरी चांगली आहे तरी काही नवीन ट्राय करायचं म्हटलं की पहिला विचार येतो "पैसे वाया गेले तर?" मित्र म्हणतात तू बोअर आहेस. खरंच का?

उत्तर : नाही. जिथे एक चूक महिनाभर पुरते तिथे माहितीतलंच धरून राहणं हा शहाणपणा असतो, तुम्ही तो लहान वयात शिकलात, फक्त परिस्थिती बदलली आणि सवय मागे राहिली. शिवाय नव्याची ओढ एकाच प्रकारची नसते. मार्विन झुकरमन या मानसशास्त्रज्ञांनी तिचे वेगवेगळे भाग मांडलेत, धाडसाची, थराराची हौस हा एक भाग आणि संगीत, कला, प्रवास, वेगळी माणसं यातून नवं अनुभवायची हौस हा वेगळाच. तुम्हाला पहिली नसेल आणि दुसरी भरपूर असेल, हे तुम्हीच तपासून बघा आणि सुरुवात जिथे पैसेच लागत नाहीत तिथून करा, वाचनालयातून कधीच न वाचलेल्या विषयाचं पुस्तक आणा, न ऐकलेल्या प्रकारचं गाणं शेवटपर्यंत ऐका, नाही आवडलं तर सोडून द्या. पैशाचे प्रयोग नंतर, आणि तेही आधीच "एवढे गेले तरी चालतील" अशी रक्कम बाजूला काढून.