हे त्याला कसं कळलं?

प्रश्न : ट्रुमन कपोटीचं 'इन कोल्ड ब्लड' वाचून संपवलं, दोन रात्री धड झोप नाही. पण खून झाले तेव्हा हा लेखक तिथे नव्हता ना, मग कोण कोणाला काय बोललं ते याला कसं माहीत? खरं समजायचं की कादंबरी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अहो हाच प्रश्न मलाही पडला होता, पण पुस्तक वाचून झाल्यावर दहा वर्षांनी, म्हणजे तुम्ही माझ्या बरेच पुढे आहात. 15 नोव्हेंबर 1959 ला अमेरिकेत कॅन्ससमधल्या हॉलकम गावी एका सधन शेतकऱ्याच्या घरातले चौघं मारले गेले. मारणाऱ्या दोघांपैकी एकाला जेलमध्ये टीप मिळालेली, घरात तिजोरी आहे, दहा हजार डॉलर असतील म्हणून. तिजोरीच नव्हती. हाती काय लागलं, तर चाळीस-पन्नास डॉलर, एक रेडिओ आणि दुर्बीण. कपोटी पेपरातली छोटीशी बातमी वाचून तिकडे गेला, सोबत बालमैत्रीण, लेखिका हार्पर ली, आणि बरं झालं ती होती, कारण हा न्यूयॉर्कचा नखरेल, बारीक आवाजाचा माणूस गावकऱ्यांना पचेना, लोक आधी तिच्याशी बोलायला लागले.

आता गंमत बघा. मुलाखत घेताना वही काढायची नाही, टेप नाही, रात्री हॉटेलवर येऊन आठवून लिहायचं ही त्याची पद्धत. वर म्हणायचं शब्दन् शब्द खरा! खुनाच्या रात्रीचं जे आहे ते बरंचसं त्या दोघांच्या कबुलीतून आणि नंतर जेलमधल्या भेटींतून आलंय, ते एकवेळ ठीक. पण शेवटचा तो कबरस्तानातला सीन आठवतोय? तपास अधिकारी ड्युई जातो, मारल्या गेलेल्या मुलीची मैत्रीण भेटते, चार शब्द होतात, मग गव्हावरून वारा. तो घडलाच नाही. खुद्द ड्युईच नंतर तसं म्हणाला. मला वाटतं फाशीवर पुस्तक संपवणं त्याच्या जिवावर आलं असणार. दोघांना 14 एप्रिल 1965 ला फासावर दिलं, त्याच सप्टेंबरपासून 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात क्रमशः छापायला सुरुवात, म्हणजे शेवटासाठी हा त्या फाशीचीच वाट बघत थांबला होता, हे मला त्या खोट्या सीनपेक्षा जास्त खुपतं.

पुस्तक भारी आहेच, माझी कॉपी मी कोणाला देत नाही. पण पुन्हा वाचाल तेव्हा पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक सीनच्या कडेला लिहा, हे याला कोणी सांगितलं. कबुली, साक्ष, पोस्टमॉर्टेम, की मनाचं. बेडरूममध्ये माणूस एकटाच होता, मेला, आणि लेखक त्याच्या मनातलं सांगतोय? झालं तर मग.

प्रश्न : जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचा विषय निघाला की आमची आजी अजून दाराची कडी तपासते. यावर वाचायचं तर कुठून सुरू करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जानेवारी 1976 ते मार्च 1977, दहा खून, आणि करणारी पुण्याच्याच अभिनव कला महाविद्यालयातली पोरं. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला, बाकी चौघं 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फासावर गेले. त्यातल्या मुनव्वर शाहने जेलमध्ये 'येस, आय ॲम गिल्टी' लिहिलं, लोक आधी तेच शोधतात, खुद्द त्याच्या तोंडून ना. मी म्हणेन ते नंतर. आधी कोर्टाचे निकाल वाचा, भाषा रटाळ आहे, डुलकी लागेल, पण तिथे प्रत्येक गोष्टीला कोणीतरी उलटतपासणीत धारेवर धरलेलं असतं, आत्मचरित्राला कोण धरणार? त्याने स्वतःबद्दल काय लिहिलंय ते मग बरोबर दिसतं.

आणि आजीला विचारा, त्या वर्षी रात्री बेल वाजली की घरात काय व्हायचं, दार कोण उघडायचं. हे कुठल्याच निकालात नाही. फक्त समोर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा हां, कपोटीसारखं रात्री आठवून लिहू नका.