घरच्या रीफ टाकीत गाळाचं रेफ्युजियम करावं का? ठाण्याच्या खाडीतला गाळ चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तीन फुटी रीफ टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याची प्रवाळांची टाकी, दीड वर्ष झालं, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली उतरत नाही. स्किमरचा (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणाऱ्या यंत्राचा) आवाज आणि त्याचा कप धुणं नकोसं झालंय. कुणीतरी सांगितलं की सम्पमध्ये, म्हणजे टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत, गाळ घालून त्यावर शेवाळ वाढवलं, म्हणजेच रेफ्युजियम केलं, की स्किमर काढून टाकता येतो. परदेशी डबाबंद गाळ महाग आहे, मग खाडीचा आणला तर?

आधी शेवटच्या भागाचं उत्तर देते, कारण तिथे नुकसान भरून निघत नाही. खाडीचा गाळ आणू नका. अगदी ओंजळभरसुद्धा.

ठाणे खाडीत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं आणि आजूबाजूच्या शहरांचं सांडपाणी कित्येक दशकं येत राहिलंय. जड धातू बारीक कणांना चिकटतात, आणि गाळ म्हणजे बारीक कणच. खाडीच्या तळाच्या गाळात खाली ऑक्सिजन नसतो, म्हणून हे धातू तिथे सल्फाइडच्या रूपात अडकून पडलेले असतात. तुम्ही तो गाळ उपसून, ढवळून, पंपाने हवा खेळणाऱ्या पाण्यात घातलात की सल्फाइड मोडतं आणि धातू सुटे होतात. तांबं अगदी थोडं असलं तरी कोळंबी, गोगलगायी आणि झोआंथिडसारखे मऊ प्रवाळ यांना ते सोसत नाही. शिवाय खाडीच्या एका भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलंय आणि २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळालाय. तिथून काहीही उचलायला परवानगी लागते. खारफुटीलाही कायद्याचं संरक्षण आहे. टाकीसाठी तिवरांच्या मुळांतला चिखल उकरणं मला मनापासूनही पटत नाही.

आता मूळ मुद्दा. मी पुण्यात राहते. माझी टाकी ९० × ४५ × ५० सेंटिमीटरची आहे. खडक-वाळू वजा करून आणि सम्प धरून पाणी साधारण दोनशे लिटर. गेली सहा वर्षं सम्पच्या एका कप्प्यात गाळ आहे. पद्धत चांगली आहे, पण तुम्हाला ती ज्या कारणासाठी सांगितली गेली ते कारण चुकीचं आहे.

ही पद्धत कॅलिफोर्नियातल्या लेंग साय यांनी १९९०च्या दशकात लोकप्रिय केली. त्यांच्या ‘इकोसिस्टम’ फिल्टरमध्ये ‘मिरॅकल मड’ नावाचा बारीक गाळ, त्यात रुजवलेलं कॉलर्पा जातीचं शेवाळ आणि त्यावर चोवीस तास दिवा, एवढंच असे. स्किमर नाही. स्किमर पाण्यातले सूक्ष्मजीवही फेसाबरोबर बाहेर फेकतो, तो नसला की प्रवाळाला खायला जास्त मिळतं, असा त्यामागचा विचार. त्याच्याही आधी स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी शेवाळाच्या गालिच्यावरून पाणी खेळवून प्रवाळाची टाकी चालवून दाखवली होती. तिथे गाळ नव्हता, फक्त शेवाळ होतं आणि ते नियमित खरवडून काढणारी माणसं होती. हा तपशील लक्षात ठेवा.

तलावातला गाळ शेतात पसरला की पीक जोमात येतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे गाळ म्हणजे काहीतरी देणारी वस्तू असं डोक्यात बसलेलं असतं. टाकीत अडचण बरोबर उलटी आहे. तिथे खत आधीच जास्त झालंय. माशांना घातलेलं खाणं शेवटी अमोनिया, नायट्राइट आणि मग नायट्रेट होऊन पाण्यात साठतं. ते बाहेर काढायचंय. गाळ त्यातलं थोडंसं काम करतो. बाकी सगळं शेवाळ करतं, आणि तेही तुम्ही ते उपटून टाकीबाहेर नेलंत तरच.

गाळ काय करतो ते माझ्या सम्पच्या काचेतून सरळ दिसतं. चार सेंटिमीटरचा थर आहे. वरचे तीन-चार मिलिमीटर नाचणीच्या पिठासारखे तपकिरी, तिथवर ऑक्सिजन पोचतो. त्याखाली ओल्या पाटीसारखा करडा पट्टा. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. कधीतरी एखादा बुडबुडा काचेला लागून सावकाश वर सरकताना दिसतो. अगदी तळाला काळे डाग आहेत. तिथे नायट्रेटही संपलेलं असतं, मग सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतं. थर पातळ आणि न ढवळलेला असेल तर ते वर येईपर्यंत मोडून जातं. म्हणून गाळात बोट घालून ‘बघू या’ करायचं नाही, आणि दहा-पंधरा सेंटिमीटर जाड थरही द्यायचा नाही. वाळूत पाणी झिरपतं म्हणून ती जाड लागते. गाळाचे कण इतके बारीक असतात की पातळ थरातच हे सगळं घडतं.

रात्री टॉर्च घेऊन त्या कप्प्याजवळ बसा. काचेवर तिळाच्या निम्म्या आकाराचे पांढुरके ठिपके झटके देत पळत असतात, ते कोपेपॉड. गाळाच्या बिळांतून किड्यांच्या सुतासारख्या मिशा बाहेर येऊन तळ चाचपत असतात. मासे नसलेल्या या जागेत हे जीव निर्धास्त वाढतात आणि त्यांची पिल्लं सम्पमधलं पाणी वर नेणाऱ्या रिटर्न पंपातून वरच्या टाकीत जातात. माझ्या मते गाळ घालण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. नायट्रेट नंतर.

नायट्रेटसाठी थोडा हिशेब करू. आकडे ढोबळ आहेत, पण अंदाज येतो. गोठवलेल्या मायसिसच्या (कोळंबीसारख्या बारीक जिवांच्या) तीन ग्रॅमच्या एका वडीत साधारण ०.३ ग्रॅम प्रथिन असतं. त्यातल्या नायट्रोजनचं पूर्ण नायट्रेट झालं तर ०.२ ग्रॅमच्या वर भरतं, म्हणजे दोनशे लिटरमध्ये लिटरमागे एक मिलिग्रॅम. रोज एक वडी घातली तर आठवड्याला सात. दुसरीकडे, निथळलेलं १०० ग्रॅम शेवाळ म्हणजे वाळल्यावर जेमतेम १० ग्रॅम, आणि त्यात अडीच टक्के नायट्रोजन धरला तर ते सुमारे १.१ ग्रॅम नायट्रेट घेऊन बाहेर जातं, म्हणजे लिटरमागे साडेपाच मिलिग्रॅम. थोडक्यात, आठवड्याला सव्वाशे-दीडशे ग्रॅम शेवाळ काढलं तर तुम्ही फक्त जागच्या जागी राहता. ४०वरून १०वर यायला त्याखेरीज आणखी अर्धा किलोच्या वर काढावं लागेल. दर आठवड्याला दोनशे ग्रॅम निघालं तर दोन महिने लागतील. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरते आणि आकडा वहीत लिहिते. वजन घटू लागलं की टेस्ट किटच्या आधी मला कळतं.

इथेच बहुतेकांचं चुकतं. गाळ घातला, शेवाळ हिरवंगार झालं, कप्पा भरला, बघायला छान वाटतं म्हणून तसंच ठेवलं. भरलेल्या कप्प्यात आतपर्यंत उजेड जात नाही, आतलं शेवाळ कुजतं आणि जे शोषलं होतं ते परत पाण्यात सोडतं.

दुसरी बाजूही सांगते. प्लवकांना, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांना, फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ अणू लागतात, मोठ्या शेवाळांना साधारण तीस. त्यामुळे नायट्रेट झपाट्याने उतरतं आणि फॉस्फेट मागे राहतं. नायट्रेट शून्यावर गेलं की शेवाळाची वाढ थांबते, आणि अशा टाकीत डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला शेंबडासारखा थर खडकांवर बसू शकतो. तो घालवणं नायट्रेट कमी करण्यापेक्षा फार कठीण आहे. शून्याच्या मागे लागू नका. नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०५च्या आसपास राहिलं तर मऊ प्रवाळ खूश असतात.

आता शेवाळ कुठलं. पहिली दोन वर्षं माझ्याकडे कॉलर्पा होतं, कारण ते मुळांसारख्या तंतूंनी गाळात रुजतं आणि गाळातूनही अन्न घेतं. पण त्याची एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. कॉलर्पा हातभर वाढलं तरी ते एकच पेशी असतं. ताण आला की आतला सगळा ऐवज बीजांत बदलून ते एका पहाटे पाण्यात सोडून देतं आणि रिकामं होतं. चोवीस तास दिवा ठेवतात तो हे टाळण्यासाठी.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये एकदा रात्रभर वीज गेली. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप होता, सम्पचा दिवा नव्हता. वीज आल्यावर सगळं ठीक वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी काही पात्यांवर जाळीसारखी फिकट नक्षी दिसली, मी दुर्लक्ष केलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी टाकीचं पाणी ताक ढवळल्यासारखं हिरवट-पांढरं होतं, मागची काच दिसत नव्हती. कॉलर्पाची पाती भिजलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखी पारदर्शक होऊन लोंबत होती. दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. मी एअर पंप लावला, मेलेलं शेवाळ हाताने उपसलं, ६० लिटर पाणी बदललं, घाण शोषून घेणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घातला. क्लाउनफिश वाचले, रॉयल ग्रामा मासा गेला. तो चार वर्षांचा होता. ती फिकट नक्षी ओळखता आली असती तर आदल्या रात्रीच सगळं काढून टाकलं असतं. म्हणून तुम्हाला ती खूण सांगून ठेवते.

तेव्हापासून मी चेटो, म्हणजे कीटोमॉर्फा ठेवते. भांडी घासायच्या तारेच्या गुंत्यासारखं दिसतं, रुजत नाही, कप्प्यात तरंगतं, आणि असं एकदम फुटत नाही. त्याला अंधार चालतो, त्यामुळे मी त्याचा दिवा रात्री दहा ते सकाळी आठ ठेवते, वरच्या टाकीच्या उलट. रात्री सगळे जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पीएच उतरतो. एसीसाठी दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत जास्तच. माझ्याकडे पहाटेचा पीएच ७.८ असायचा, उलट्या दिव्यानंतर ८च्या जवळ राहतो.

स्किमरबद्दल. काढू नका. लेंग साय यांच्या पद्धतीने स्किमरशिवाय टाक्या चालतात, हे खरं आहे, पण आपल्याकडे मे महिन्यात पाणी २९ अंशांवर जातं आणि गरम खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. स्किमर हवाही मिसळतो, कॉलर्पा फुटलं त्या सकाळी एअर पंपाबरोबर मला त्याचाही आधार झाला. आवाज नको असेल तर छोटा ठेवा, दिवसा काही तास बंद ठेवा. फक्त शेवाळावर भिस्त ठेवली तर पाणी पिवळसरही होतं, महिन्यातून काही दिवस कार्बन लावावा लागतो.

बांधणी साधी आहे. वरच्या टाकीतून खाली येणारं ओव्हरफ्लोचं पाणी आधी फिल्टर सॉकमधून, म्हणजे गाळणीच्या पिशवीतून, जाऊ द्या, नाहीतर सगळी घाण गाळावर बसेल. रेफ्युजियममध्ये मुख्य प्रवाह सोडू नका. रिटर्न पाइपला टी आकाराचा जोड लावून ताशी तीन-चारशे लिटर पुरतं. माझा कप्पा ३० × ३५ सेंटिमीटरचा आहे, त्याला चार लिटरच्या आसपास गाळ लागला. मत्स्यालयासाठीच विकला जाणारा गाळ घ्या, आणि एकदम परवडत नसेल तर कप्पा लहान करा. भरताना पंप बंद ठेवा. गाळ टाकीच्याच पाण्यात कालवून पिठल्यासारखा घट्ट करा, तळाशी हळू सोडा आणि रात्रभर निवळू द्या. मी घाई केली होती आणि दोन दिवस टाकी गढूळ राहिली. उत्पादक दोन वर्षांनी अर्धा गाळ बदलायला सांगतात. मी दर वर्षी एका कोपऱ्यातला चौथा हिस्सा काढते, म्हणजे उरलेल्या जिवांना धक्का लागत नाही.

काढलेलं शेवाळ नाल्यात, नदीत, खाडीत टाकू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ साली मोनॅकोच्या किनाऱ्यावर दिसलं आणि तिथून भूमध्य समुद्राच्या तळावर पसरत गेलं. तेच २००० साली कॅलिफोर्नियाच्या आग्वा हेडिओंडा खाजणात सापडलं आणि ते उपटायला काही वर्षं लागली. उन्हात कडकडीत वाळवा आणि कचऱ्यात द्या.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या टाकीत कडक प्रवाळ आहेत का? वन्यजीव संरक्षण कायद्याने सगळ्या रीफ बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण दिलंय, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरून आलेला प्रवाळ, मग तो ‘लाइव्ह रॉक’च्या (जिवाणू-जीव असलेल्या समुद्री खडकाच्या) नावाने विकला जात असला तरी, घरात ठेवू नका. माझ्याकडे सिरॅमिकचे खडक आणि फक्त झोआंथिड, मश्रूम, लेदर हे मऊ प्रकार आहेत. तुम्ही रोज काय आणि किती खायला घालता, मासे किती, फॉस्फेट किती, आणि सम्पमध्ये मोकळी जागा किती, हे कळवा. कप्प्याचं माप आणि दिव्याची वॅट त्यावरून काढून देते.