शिदोरीतलं खोबरं आणि चमच्यातलं तेल

प्रश्न : ताई, आम्ही शिरपूरचे आठ-दहा मित्र यंदा दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंबा डोंगरावर, अश्वत्थाम्याच्या यात्रेला चाललो आहोत. माझं वय ४६. दिवसभर दुकानात बसून असतो, म्हणून दोन महिन्यांपासून रोज सकाळी सहा-सात किलोमीटर चालतोय. मुलगा जिमला जातो. तो म्हणतो, सकाळी उपाशीपोटी दोन मोठे चमचे खोबरेल तेल काळ्या कॉफीत घालून घ्या. त्याची चरबी होत नाही, थेट ताकद मिळते, हृदयालाही चांगलं. समुद्राकाठची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नारळच खात आली, त्यांना कुठे काय होतं, असंही त्याचं म्हणणं. माझ्या वडिलांना ५४व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणून बायको घाबरते. तेल घ्यावं का? आणि वाटेत खायला काय बांधून न्यावं?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : दादा, वहिनींची भीती रास्त आहे. तेलाचे चमचे आजच बंद करा. खोबरं मात्र शिदोरीत जरूर घ्या. एकाच फळाबद्दल मी असं उलटसुलट का बोलते आहे, ते नीट सांगते. हा प्रश्न या वर्षी मला निदान पंधरा जणांनी विचारला आणि त्यातल्या चौघांच्या घरात हृदयविकार होता.

मुलगा जे सांगतो त्यात थोडं तथ्य आहे. तेल-तूप ज्या स्निग्धाम्लांचं (फॅटी अ‍ॅसिडचं) बनतं, त्यातल्या काहींची साखळी आखूड असते. आठ आणि दहा कार्बनची स्निग्धाम्लं आतड्यातून सरळ यकृताकडे जातात आणि लवकर जळतात. बाजारात एमसीटी नावाचं महागडं तेल मिळतं, ते बहुतेक याच दोन आम्लांचं असतं, आणि झटपट ताकदीचे जे प्रयोग सांगितले जातात त्यातले बरेच त्या तेलावर झालेले. आपल्या खोबरेल तेलात ही दोन्ही मिळून शंभरात जेमतेम तेरा-पंधरा भाग भरतात. जवळपास निम्मा भाग असतो लॉरिक आम्लाचा. त्याची साखळी बारा कार्बनची. त्यातलं बरंचसं इतर तेलातुपासारखंच यकृताला वळसा घालून, लसिकेच्या (लिम्फच्या) वाटेने रक्तात येतं. एका तेलाचा गुण दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवला गेला, एवढंच झालंय.

आता हृदयाचं. खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त स्निग्धांश संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. थंडीत आपल्याकडे बाटली चुलीजवळ नाहीतर उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला लावायला तेल निघत नाही, ते त्यामुळेच. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं. २०२० साली १६ प्रयोगांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. शेंगदाणा, सूर्यफूल यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, डेसिलिटरभर रक्तामागे सरासरी दहा मिलिग्रॅमने वाढलेलं दिसलं. चांगलं एचडीएलही चारेक मिलिग्रॅमने वाढलं. लोक हा दुसरा आकडा तेवढा उचलतात. ज्याच्या वडिलांना ५४व्या वर्षी अटॅक आला, त्याने पहिला आकडा आधी बघायचा. दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाने संपृक्त स्निग्ध २२ ग्रॅमच्या आत ठेवावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यावरून येतं. तुमचे दोन मोठे चमचेच २४ ग्रॅमच्या घरात जातात. दूध, तूप, फोडणी अजून बाकीच आहे.

समुद्राकाठच्या माणसांचं म्हणाल, तर प्रशांत महासागरातल्या दोन बेटांचा अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. टोकेलाऊ बेटावर लोकांच्या आहारातली ६३ टक्के ऊर्जा नारळातून यायची, पुकापुकावर ३४ टक्के. दोन्हीकडे रक्तवाहिन्यांचे आजार फारसे नव्हते, हे खरं. पण ती माणसं ओलं खोबरं चोथ्यासकट खायची, जोडीला मासे आणि कंद, दिवसभर अंगमेहनत, आणि साखर फारच कमी. एवढं असूनही जास्त नारळ खाणाऱ्या टोकेलाऊत कोलेस्टेरॉल ३५ ते ४० मिलिग्रॅमने जास्तच निघालं. दुकानाच्या गादीवर बसून काळ्या कॉफीतून तेल पिणाऱ्या माणसाला त्या बेटाचा दाखला लागू पडत नाही. यात्रेला निघण्याआधी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी, करा आणि चढाई झेपेल का, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. वडिलांचं वय त्यांना आवर्जून सांगा.

आता शिदोरी. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

अस्तंबा १३२५ मीटर. मध्यम वजनाचा माणूस चढावर तासाला ४०० कॅलरीच्या आसपास जाळतो. स्नायूंत आणि यकृतात जी साखर साठलेली असते, ती सगळी मिळून दीड-दोन हजार कॅलरींची. चढावर शरीर आधी तीच मागतं. स्निग्धाचं तसं नाही. ग्रॅमला नऊ कॅलरी देतं, म्हणजे साखरेच्या आणि प्रथिनांच्या दुपटीहून जास्त, म्हणून पिशवी हलकी राहते. पण पोटात रेंगाळतं, सावकाश कामी येतं. ऐन चढावर नुसतं तेलकट खाल्लं की पाय जड होतात आणि मळमळतं.

हे मी भोगलेलं आहे. काही वर्षांपूर्वी चैत्रात धुळ्याहून सप्तशृंगीला पायी निघाले होते. पहिलीच वारी. खोबऱ्याचा कीस, बदाम आणि खोबरेल तेल यांचे लाडू वळून फ्रिजमध्ये घट्ट करून घेतले. गूळ अगदी नावाला. मालेगाव यायच्या आत पिशवीचा तळ ओला झाला होता. उन्हाने तेल सुटलं होतं, लाडवांचा भुगा झाला होता आणि माझ्या बदलायच्या साडीवर हातभर पिवळा डाग पडला होता. दुपारी भुकेने तो भुगा मूठभर खाल्ला आणि अर्ध्या तासात रस्त्याकडेच्या लिंबाखाली आडवी झाले. आमच्यातल्या एका म्हातारीने तांब्यात गूळ आणि चिमूटभर मीठ विरघळवून दिलं, मग कळण्याची चतकोर भाकरी हातावर ठेवली. म्हणाली, “आधी खाई ले, मंग चाल.” तासाभराने मी चालत होते. त्या दिवसानंतर मी तेल घालून वाटेचे लाडू केले नाहीत.

आता जे करते ते असं. २०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सालं काढायची. १०० ग्रॅम तीळ तडतडेपर्यंत भाजायचे. १०० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस नुसता गुलाबी होईपर्यंत परतायचा. काळ्या मसाल्यासाठी भाजतो तेवढा लाल करायचा नाही, कडू लागतो. २५० ग्रॅम मऊ गूळ चिरून घ्यायचा. चिक्कीचा नको, तो दाताला चिकटतो. बोटभर सुंठ आणि अर्धा चमचा मीठ. सगळं खलबत्त्यात कुटायचं. मिक्सर चालेल, पण थांबून थांबून फिरवा. दाण्यांचं तेल सुटायला लागलं की कूट आपोआप मुठीत बसतो. तळव्याला चकाकी आली की थांबायचं, त्यापुढे कुटलं तर लाडू तुपकट होतात. यातून २५ ग्रॅमचे २६ लाडू होतात आणि प्रत्येकात सव्वाशे कॅलरी. खोबरं एका लाडवात चार ग्रॅमही नाही, तेव्हा दिवसाला चार-पाच खाल्ले तरी तुमच्या २२ ग्रॅमच्या हिशेबात बसतात. चैत्रातही हे लाडू पिशवीत शाबूत राहतात.

इथे मला आपल्या शेंगदाण्याची बाजू घ्यायचीच आहे. सुक्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला साडेसहाशे कॅलरी, दाण्यात पावणेसहाशेच्या जवळपास. फरक थोडा. पण दाण्यात पंचवीस-सव्वीस ग्रॅम प्रथिनं आहेत, खोबऱ्यात सात. दाण्याचं तेलही बरंचसं असंपृक्त. नारळ आपल्या खानदेशच्या मातीतला नाही, वाटी बाहेरून येते. शेंग आपल्या शेतात पिकते. खोबऱ्याने चव येते, चोथा मिळतो, लाडू टिकतो. त्याची जागा तेवढी, आणि तेवढी द्यावीच.

पण लाडवावर डोंगर चढू नका. निघायच्या दीड-दोन तास आधी दशमी किंवा भाकरी पोटभर. चढावर तासाला एक केळं किंवा चार-पाच खजूर, आणि घोटघोट पाणी. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. किंवा ओआरएसची पुडी. लाडू थांब्यावर, सावलीत बसून. परतीच्या वाटेला दोन जास्तीचे ठेवा, पाय उताराला थरथरतात. तेलकॉफी घेऊन चढणाऱ्यांना वाटेत जुलाबही होऊ शकतात, आणि त्या वाटेवर आडोसा मिळणं किती अवघड, हे जाऊन आलेल्यांना विचारा.

सातपुड्यातल्या पावरा घरांमध्ये मोहाची वाळलेली फुलं भाजून तिळाबरोबर कुटून लाडू करतात. धडगावच्या बाजूला कुणी हातावर ठेवला तर नाही म्हणू नका. मी खाल्लाय, त्याचा धुरकट गोडवा अजून जिभेवर आहे. आणि दादा, अश्वत्थामा त्या डोंगरात वाटसरूंकडे तेल मागतो असं सांगतात, ते कपाळाच्या जखमेवर लावायला.

प्रश्न : माझे गुडघे कुरकुरतात. शेजारीण म्हणते, रोज खोबऱ्याचा तुकडा खा, सांध्यांना वंगण मिळतं. खरं आहे का?
— एक वाचक, यावल

उत्तर : नाही हो काकू. खाल्लेलं स्निग्ध पोटात पचतं, ते गुडघ्याच्या वाटीत जाऊन बसत नाही. तुकडा आवडतो म्हणून खा, दहा ग्रॅमपुरता. गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करायला हवेत : खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा अंक मोजायचे, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. वजन जास्त असेल तर तीन-चार किलो उतरवून बघा. गुडघा सुजत असेल किंवा गरम लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : चैत्रात सप्तशृंगी गडावर जाताना नवसाच्या नारळाचं ओलं खोबरं तीन दिवस पिशवीत राहिलं. साबणासारखं लागायला लागलं. तरी प्रसाद म्हणून आम्ही खाल्लं. त्रास झाला नाही, पण चव अशी का झाली?
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : तुमच्या जिभेने बरोबर ओळखलं. ओलाव्यात बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांची पाचकद्रव्यं खोबऱ्याचं स्निग्ध फोडतात आणि लॉरिक आम्ल मोकळं होतं. साबण बनवायला खोबरेल तेल वापरतात ते याच आम्लासाठी, म्हणून चव तशी. अशी चव आली की खोबरं पोटात घालायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी पुरायचं; देवाला त्याचा राग येत नाही. आपल्या चैत्रातल्या उन्हात फोडलेला नारळ त्याच दिवशी संपवायचा.

वाटेसाठी सुकी वाटीच बरी. घेताना अख्खी घ्या, तुकडे किंवा तयार कीस नको. आतून नखाने खरवडा : पांढरी निघाली, तेलाची ओल बोटाला लागली आणि वास गोड आला तर घ्या. पिवळे-काळे ठिपके किंवा खवट वास असेल तर ठेवून द्या, दुकानदार ओळखीचा असला तरी. काप विळीवर पातळ करा, कागदात बांधा, प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो. गडावरून घरच्यांसाठी प्रसाद आणायचा असेल तर नारळ न फोडता आणा आणि घरी पोचल्यावर सगळ्यांसमोर फोडा.